कवडीमोल

गेल्या वर्षी आठवीच्या वर्गात वाक्प्रचार शिकवीत असताना 'फुटकी कवडी जवळ नसणे' हा वाक्प्रचार आला. नेहमीप्रमाणे मी फळ्यावर अर्थ लिहिला : 'अगदी निर्धन असणे.' मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी उभा राहिला आणि म्हणाला, "सर, कवडी तर पचीसी खेळायची असते. ती नसली म्हणून माणूस गरीब कसा होईल?" वर्ग हसला. मीही हसून वेळ मारून नेली. तास संपल्यावर मात्र लक्षात आले की मुलाचा प्रश्न रास्त होता आणि मराठीबरोबर इतिहासही शिकविणाऱ्या माझ्यापाशी त्याचे पुरते उत्तर नव्हते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्या उत्तराच्या मागे लागलो. स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा दुसरा विषय शोधण्याची गरज पडली नाही.

आपल्या घरांतून कवडी आता जवळजवळ गेली आहे. माझ्या नानीच्या पेटीत पचीसीच्या कापडी पटाबरोबर सहा कवड्या असत. त्या हातात खुळखुळवून टाकायच्या आणि किती उताण्या, किती पालथ्या पडल्या त्यावरून दान मोजायचे. गावाकडे म्हशीच्या गळ्यात दृष्ट लागू नये म्हणून कवडी बांधलेली दिसे. तुळजापूरच्या भवानीचे भुत्ये कवड्यांच्या माळा घालून दारी येत, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. पण या तिन्ही ठिकाणी कवडी पैसा नाही. पैसा म्हणून ती उरली आहे ती केवळ भाषेत. जमीन कवडीमोलाने गेली, अमका मोठा कवडीचुंबक आहे, त्याच्या शब्दाला कवडीची किंमत नाही, असे आपण म्हणतो. घरात उर्दू-दखनी बोलणारी आपली वडीलधारी माणसेही 'फूटी कौडी नहीं दूँगा' असेच म्हणतात. वस्तू गेली आणि तिची किंमत तेवढी बोलण्यात राहिली.

ही किंमत नेहमीच क्षुल्लक होती काय? मुळीच नाही. याच कवडीत एके काळी अख्ख्या जिल्ह्याचा सारा भरला गेला, तिच्या बदल्यात तांदळाची जहाजे भरली गेली आणि, लिहिताना हात थांबतो, जिवंत माणसे विकत घेतली गेली.

कवडी म्हणजे समुद्रातील एका गोगलगायीसारख्या प्राण्याचे कवच. शास्त्रज्ञ लिनियस याने १७५८ साली हिचे नाव ठेवताना 'मोनेटा' हा लॅटिन शब्द वापरला. त्याचा अर्थच मुळी टांकसाळ, नाणे असा आहे. हिंदी महासागरात व पॅसिफिकमध्ये ती पुष्कळ ठिकाणी सापडते. परंतु लहान, गुळगुळीत, एकसारख्या आकाराची कवडी विपुल मिळण्याचे ठिकाण म्हणजे मालदीव बेटे. आपल्या केरळच्या नैर्ऋत्येस समुद्रात विखुरलेली ही बेटे. तेथे शेती नावापुरती. नारळ, मासे, काथ्या आणि कवड्या एवढेच काय ते धन.

या धनाची हकीकत सर्वांत आधी लिहून ठेवली ती अरब व्यापाऱ्यांनी. इ. स. ८५१ च्या सुमारास लिहिल्या गेलेल्या एका अरबी प्रवासवृत्तात अशी नोंद आहे की या बेटांवर एक राणी राज्य करते, तेथील लोकांचा पैसा म्हणजे कवड्या आणि राणी आपल्या खजिन्यात त्या साठविते. माडाची झावळी पाण्यावर टाकली की कवड्या तिला येऊन चिकटतात, असेही त्यात म्हटले आहे. दहाव्या शतकातील मसऊदी हा इतिहासकार तर सांगतो की खजिना कमी होऊ लागला म्हणजे राणी झावळ्या तोडून समुद्रात टाकण्याचा हुकूम देते. झावळीची टांकसाळ! अल्‌बिरूनी याने या समुद्रातील बेटांचे दोन भाग पाडले ते कवड्यांची बेटे आणि काथ्याची बेटे असे.

पुढे फ्रांस्वा पिरार नावाचा एक फ्रेंच खलाशी १६०२ मध्ये जहाज फुटून मालदीवला लागला व पाच वर्षे तेथे अडकून पडला. त्याने प्रत्यक्ष पाहून लिहिले आहे. अमावास्येच्या व पौर्णिमेच्या आगेमागे तीन तीन दिवस बायका कमरेइतक्या पाण्यात उतरून कवड्या वेचीत. एका वर्षी निव्वळ कवड्यांनी भरलेली तीस-चाळीस जहाजे बंगालकडे गेलेली त्याने पाहिली. वेचलेल्या कवड्या वाळूत पुरून ठेवीत. आतील प्राणी कुजून गेला की धुऊन पांढरे स्वच्छ कवच काढीत आणि नारळाच्या पात्यांच्या करंड्यांत बारा-बारा हजार मोजून बांधीत. जगाच्या एका मोठ्या भागाचा सुटा पैसा कमरेइतक्या पाण्यात वाकलेल्या बायांनी वेचला, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत कुठे आढळत नाही.

तरीही प्रश्न राहतोच. शिंपल्याला पैसा का मानावे? येथे विद्यार्थी मित्रांना दिल्लीच्या सुलतान मुहम्मद तुघलकाची आठवण देतो. त्याने राजधानी आपल्या दौलताबादेस आणली हे सर्वांना ठाऊक आहे. त्यानेच १३३० च्या सुमारास सोन्याचांदीऐवजी तांब्यापितळेची सांकेतिक नाणी चालविली. कल्पना आज नोट चालते तशीच होती. पण त्या नाण्याची नक्कल करणे फार सोपे होते. बरनी हा इतिहासकार लिहितो की घरोघरी टांकसाळी झाल्या. अखेर सुलतानाने ती नाणी परत घेतली व खजिन्यातून खरे चलन दिले. तुघलकाबादेत त्या नाण्यांचे ढीग पडून राहिले. सुलतानाचा शिक्का असून ते नाणे चालले नाही. कवडीवर कोणाचाच शिक्का नव्हता, आणि ती शतकानुशतके चालली.

कारण कवडीची नक्कल करता येत नाही. ती गंजत नाही, सडत नाही, उंदीर खात नाही, सहज फुटत नाही. सर्व कवड्या जवळजवळ एकसारख्या. म्हणून मोजून घ्या, तोलून घ्या, नाही तर टोपलीने मापून घ्या. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तिची किंमत अतिशय लहान. रुपया गरिबाच्या काय कामाचा? मूठभर भाजी, चार मासळ्या, चिमूटभर मीठ घ्यायला रुपयाचे तुकडे कसे करणार? बाजारात जितका गरीब माणूस तितका त्याला सुटा पैसा लहान लागतो. गुजरातेत सतराव्या शतकात हेच काम इराणातून येणाऱ्या कडू बदामांनी केले. तावेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या सांगतो की एका पैशाला पस्तीस-चाळीस बदाम मिळत आणि ते इतके कडू असत की मुले खाऊन टाकतील ही भीतीच नसे. आमच्या शाळेच्या मधल्या सुट्टीत तेही टिकले असते की नाही, शंका आहे.

आता इब्न बतूताकडे वळतो, कारण या कहाणीचा खरा साक्षीदार तोच आहे. मोरोक्कोतील तंजा शहरी १३०४ साली जन्मलेला हा प्रवासी दिल्लीत तुघलकाच्या दरबारी काझी होता. १३४३ च्या अखेरीस तो मालदीवला पोहोचला. तेथे तेव्हाही गादीवर स्त्रीच होती, सुलताना खदीजा. बेटांवर शिकल्यासवरल्या काझीची उणीव होती. त्यांनी याला जाऊ दिले नाही, काझी नेमले. तो तेथील एका घरंदाज कुटुंबाचा जावईही झाला. त्याच्या पाहुणचारासाठी वजिराने ज्या वस्तू पाठविल्या त्यांत खर्चासाठी एक लाख कवड्या होत्या. एक लाख ऐकून डोळे विस्फारू नका. त्यानेच पुढे दर दिला आहे : एका सोन्याच्या दीनारास चार लाख कवड्या, आणि स्वस्ताईत त्याहूनही पुष्कळ अधिक. म्हणजे काझीसाहेबांच्या हाती पडला तो पाव दीनार!

इब्न बतूता पुढे लिहितो की बेटांवरचे लोक या कवड्या बंगाली लोकांना देऊन तांदूळ घेतात, कारण बंगालमध्येही हाच पैसा चालतो. येमेनचे व्यापारीही त्या घेतात व जहाजात वाळूऐवजी भार म्हणून भरतात. आणि मग तो एक वाक्य असे लिहितो की ते वाचून मी पुस्तक खाली ठेवले. सूदानी लोकांच्या देशात, म्हणजे पश्चिम आफ्रिकेत, माली व गाओ येथे याच कवड्या एका दीनारास १,१५० या दराने विकल्या जाताना आपण पाहिल्या, असे तो सांगतो. मालीला तो १३५२-५३ मध्ये गेला होता. त्या काळात कवडीच्या प्रवासाची दोन्ही टोके स्वतःच्या डोळ्यांनी पाहून लिहून ठेवणारा दुसरा माणूस माझ्या वाचनात नाही.

चार लाखांना ११५० ने भागून पाहा. सुमारे ३४८ येतात. म्हणजे तीच कवडी समुद्रावरून, तांबड्या समुद्राच्या काठाने, मिसरातून आणि मग उंटांच्या काफिल्यांबरोबर सहारा ओलांडून माली देशी पोहोचेपर्यंत साडेतीनशे पट महाग झाली. कवडी तीच होती. तिच्यावर एक ओरखडाही वाढला नव्हता. वाढले होते ते अंतर, हमालीचे श्रम, वाटेतील जकाती, धोके आणि हातांची संख्या. किंमत वस्तूच्या पोटात असते असे मुलांना वाटते, मोठ्यांनाही वाटते. ती माणसांच्या दरम्यान असते.

याचा आणखी एक दाखला पॅसिफिकमधील ट्रोब्रियांड बेटांवर मिळतो. मालिनोव्हस्की या मानवशास्त्रज्ञाने १९२२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तेथील 'कुला' पद्धतीचे वर्णन केले आहे. तांबड्या शिंपल्यांच्या माळा बेटाबेटांतून एका दिशेने फिरतात आणि पांढऱ्या शिंपल्यांची कंकणे उलट दिशेने. लोक होड्यांतून जीव धोक्यात घालून ती नेतात, भेट म्हणून देतात, काही दिवस जवळ ठेवतात आणि पुढे सोपवितात. त्यांनी ना धान्य घेता येते ना जमीन. मिळतो तो मान आणि दूरच्या बेटावर एक हक्काचा स्नेही. आपल्याकडे लग्नात आलेल्या आहेराची वही जपून ठेवणाऱ्या घरांना हे समजावून सांगावे लागणार नाही. शिंपला तिकडे नाते झाला. बंगालमध्ये पैसा झाला.

बंगालमध्ये कवडी किती रुळलेली होती याची एक नोंद मिन्हाज-उस-सिराज याच्या 'तबकात-इ-नासिरी' या १२६० च्या सुमारास पुऱ्या झालेल्या ग्रंथात आहे. नदियाचा राजा लक्ष्मणसेन याच्या औदार्याची तारीफ करताना तो लिहितो की राजाचे लहानात लहान दान एक लाख कवड्यांचे असे, कारण त्या मुलखात जितल नाण्याच्या जागी कवडीच चाले. पराभूत राजाच्या दातृत्वाची अशी मोकळ्या मनाने नोंद करणारा हा इतिहासकार दिल्लीच्या सुलतानांच्या पदरचा होता, हे जाता जाता सांगितले पाहिजे.

बंगालचे कोष्टक असे : चार कवड्यांचा एक गंडा, वीस गंड्यांचा एक पण, सोळा पणांचा एक काहन आणि चार काहनांचा एक रुपया. हिशेब केला तर रुपयाला ५,१२० कवड्या होतात. हा दर सदासर्वकाळ एकच नव्हता. गावागणिक, हंगामागणिक तो बदले. म्हणून कवडी, दमडी, धेला, पै यांचे जे एक ठरीव कोष्टक हल्ली सर्वत्र फिरते, ते सर्व हिंदुस्थानाचे म्हणून कोणी पाठ करू नये.

हा ५,१२० चा दर ज्याने लिहून ठेवला तो रॉबर्ट लिंडसे हा ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी १७७८ मध्ये आज बांगलादेशात असलेल्या सिल्हेट जिल्ह्याचा कारभार पाहण्यास गेला. तेथे गेल्यावर त्याला कळले की जिल्ह्याचा सुमारे अडीच लाख रुपयांचा महसूल कवड्यांत जमा होतो. अडीच लाख गुणिले ५,१२० म्हणजे १२८ कोटी कवड्या! एक कवडी एक ग्रॅमची धरली तरी वजन १,२८० टन. सरकारी खजिना म्हणजे तिजोरी नव्हे, कोठारांची रांगच. वर्षाकाठी हा डोंगर होड्यांच्या ताफ्यात भरून नदीने ढाक्यास पाठवावा लागे. वाटेतील चोऱ्या सोडून दर शेकडा दहापर्यंत तूट येई, असे तो सांगतो. समुद्रापासून इतक्या दूरच्या डोंगराळ मुलखात समुद्रातील शिंपला हाच पैसा कसा झाला, याचे त्याला मोठे नवल वाटले.

मी वर्गात हे गणित घातले. सेकंदाला एक कवडी मोजली तर एक रुपया मोजायला किती वेळ लागेल? उत्तर आले एक तास पंचवीस मिनिटे आणि वर वीस सेकंद. एक मुलगी म्हणाली, "सर, मग मोजणाऱ्याची मजुरी किती?" अर्थशास्त्राचा उत्तम प्रश्न. मोठ्या रकमा म्हणूनच टोपलीने मापल्या जात.

लिंडसेला कवडी म्हणजे डोकेदुखी वाटली आणि कंपनीच्या दृष्टीने ती होतीही. पण जी गोष्ट साहेबाला अडचण तीच रयतेला सोय होती. हे उघड झाले ओरिसात, आणि येथे आपल्या मराठी इतिहासाचाही संबंध येतो. १७५१ पासून १८०३ पर्यंत ओरिसा नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. भोसल्यांच्या स्वाऱ्यांनी बंगाल-ओरिसात जो उच्छाद मांडला तो विसरण्याचे कारण नाही. परंतु साऱ्याच्या बाबतीत त्यांनी चालत आलेली रीत ठेवली. सारा काहनांत आकारला जाई, कवड्यांत भरला जाई. बालेश्वर बंदरात मालदीवची गलबते कवड्या घेऊन येत आणि तांदूळ घेऊन परत जात. शेतकरी धान्य विकी ते कवड्यांना आणि सारा देई तोही कवड्यांनी. दोन्ही हातांत एकच नाणे होते.

१८०३ मध्ये कंपनीने ओरिसा घेतला आणि त्यानंतर सारा चांदीच्या सिक्का रुपयांत मागण्यास सुरुवात केली. वरवर पाहता यात अन्याय तो काय? कवडीऐवजी रुपया, एवढेच. पण शेतकऱ्याजवळ रुपया नव्हता. तो त्याला सराफाकडून कवड्या देऊन विकत घ्यावा लागे. सरकार कवडी घेत नाही म्हटल्यावर तिची मागणी घटली. सारा भरण्याच्या मुदतीला सगळ्यांनाच रुपया हवा म्हटल्यावर रुपया महागला. उदाहरणादाखल समजा की एखाद्याचा सारा पाच रुपये आहे. रुपयाला चार काहन असताना त्याला वीस काहनांचे धान्य विकावे लागे. रुपया सहा काहनांना गेला की तीस काहनांचे. सरकारी दफ्तरात सारा वाढलेला नाही, पाच रुपये ते पाचच रुपये. शेतकऱ्याच्या कोठारातून मात्र दीडपट धान्य गेले. दफ्तर खोटे बोलत नव्हते, आणि शेतकरीही नव्हता.

त्यातच मिठाचा मक्ता सरकारने स्वतःकडे घेतला आणि तेही महागले. खुर्द्याच्या पाइकांच्या, म्हणजे शेती करून लष्करी चाकरी करणाऱ्या लोकांच्या, पिढीजात इनामी जमिनी गेल्या. मार्च १८१७ मध्ये बक्षी जगबंधू यांच्या नेतृत्वाखाली पाइकांनी उठाव केला. घुमसरचे कंध आदिवासीही त्यांना येऊन मिळाले. बाणपूर व खुर्दा येथील सरकारी कचेऱ्यांवर हल्ले झाले. कंपनीने फौज आणून उठाव मोडला. बक्षी १८२५ पर्यंत हाती लागले नाहीत. या उठावाची कारणे शोधताना सरकारी चौकशीतही कवडीऐवजी रुपयात सारा मागण्याची गोष्ट पुढे आली. शिंपल्यासाठी कोणी बंड करीत नाही, हे खरे. पण घरात मडकेभर साठविलेला पैसा एका हुकुमाने निम्म्या मोलाचा व्हावा, यासाठी माणूस काय करील ते सांगता येत नाही.

एवढ्यावर लेख संपवला असता तर बरे झाले असते. पण इब्न बतूताने माली देशी पाहिलेल्या दुसऱ्या टोकाचे पुढे काय झाले, ते सांगितल्यावाचून गत्यंतर नाही.

पंधराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीज हिंदी महासागरात आले. सहारातून उंटावर जाणारी कवडी आता आफ्रिकेला वळसा घालून जहाजाच्या तळाशी भार म्हणून लिस्बनला पोहोचू लागली. पुढे डच व इंग्रज कंपन्यांनी हा व्यापार हाती घेतला. ॲमस्टरडॅम व लंडन येथे कवड्यांचे लिलाव होत. ज्या युरोपात एका कवडीला कोणी पाव देखील दिला नसता, त्या युरोपच्या वखारींत या कवड्या साचत आणि तेथून गिनीच्या किनाऱ्याला जात. कशासाठी? माणसे खरेदी करण्यासाठी. कापड, बंदुका, दारू यांच्या जोडीने कवडीही त्या बाजारात मोजून दिली जाई. कापडातही बरेचसे आपल्याच हिंदुस्थानचे होते.

जॅन होगेनडॉर्न व मॅरियन जॉन्सन या दोन संशोधकांनी १९८६ मध्ये या विषयावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. अठराव्या शतकात डच व इंग्रज यांनी मिळून सुमारे एक हजार कोटी कवड्या पश्चिम आफ्रिकेत नेल्या, असा त्यांचा अंदाज आहे. दाहोमे राज्यात कवड्या भोके पाडून चाळीस-चाळीसच्या माळेत ओवल्या जात आणि शंभर माळांचे, म्हणजे चार हजार कवड्यांचे, एक मोठे माप असे. १७७० च्या दशकात एका धडधाकट पुरुष गुलामाची किंमत दीड लाखाहून अधिक कवड्यांपर्यंत गेली होती. मालदीवच्या ज्या बाईने त्या कवड्या कमरेइतक्या पाण्यातून वेचल्या, तिला याची गंधवार्ताही नसेल. आपल्या हातून गेलेला पैसा पुढे काय खरेदी करतो, हे कोणाला कळते?

त्या किनाऱ्यावर, आजच्या बेनिन-टोगोच्या भागात, एक दंतकथा सांगितली जाते. कवड्या समुद्रातून कशा काढीत? तर गुलामाचे प्रेत दोराला बांधून पाण्यात सोडीत. कवड्या त्याला येऊन चिकटत आणि मग दोर ओढून घेत. हे शास्त्रदृष्ट्या खोटे आहे. ही कवडी त्या समुद्रात राहतच नाही, ती हजारो मैलांवरून आलेली. पण नवव्या शतकातील अरबाने लिहिलेली ती नारळाची झावळी आठवा आणि तिच्या जागी हे प्रेत ठेवून पाहा. कवडी कोठून येते हे त्या लोकांना माहीत नव्हते. ती कशाच्या बदल्यात येते हे मात्र त्यांना पक्के ठाऊक होते.

१८०७ मध्ये ब्रिटनने गुलामांचा व्यापार कायद्याने बंद केला. कवडीचा व्यापार मात्र थांबला नाही. ताडाच्या तेलाच्या खरेदीसाठी तो चालूच राहिला. मग १८४५ च्या सुमारास हॅम्बुर्गच्या व्यापाऱ्यांनी पूर्व आफ्रिकेच्या झांझिबार बाजूची दुसऱ्या जातीची, जराशी मोठी कवडी जहाजे भरभरून पश्चिम किनाऱ्यावर ओतली. ती मालदीवच्या कवडीपेक्षा फार स्वस्त मिळे. जे तुघलकाच्या लोहारांना जमले नसते ते या व्यापाऱ्यांनी केले; कवडीची नक्कल केली नाही, तिची दुसरी खाणच शोधली. भाव कोसळला. ज्यांनी वर्षानुवर्षे मडक्यांत, जमिनीत पुरून कवड्या साठविल्या होत्या त्यांच्या साठ्याची माती झाली. पुढे इंग्रज व फ्रेंच वसाहत सरकारांनी कर आपल्याच नाण्यांत मागितला आणि ओरिसाची गोष्ट तेथे पुन्हा घडली. घानाने १९६५ मध्ये स्वतःचे चलन काढले तेव्हा त्याला 'सेडी' हे नाव दिले. तेथील आकान भाषेत कवडीला जो शब्द आहे त्यावरून ते घेतलेले आहे.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तो मागच्या बाकावरचा मुलगा नववीत गेला होता. त्याला बोलावून मी हे सारे थोडक्यात सांगितले. फुटकी कवडीही जवळ नाही, म्हणजे बाजारात जो सर्वांत लहान पैसा, तोही मोडका, तेवढासुद्धा नाही. तो लक्षपूर्वक ऐकत होता. दुसऱ्या दिवशी तो घरून पचीसीच्या सहा कवड्या खिशात घालून आला आणि विचारू लागला, "सर, यांचे तेव्हा काय आले असते?" आम्ही दोघांनी फळ्यावर हिशेब केला. मालदीवला जवळजवळ काहीच नाही. सिल्हेटला एक गंडा आणि वर दोन कवड्या; फार तर एखाद्या भाजीची काडी. मालीत मात्र दीनाराचा सुमारे एकशे ब्याण्णवावा हिस्सा. त्याने खडू ठेवला, कवड्या परत खिशात टाकल्या आणि म्हणाला, "पण सर, मालीपर्यंत जायला भाडे किती पडले असते?"